वाचकांचे प्रश्न: वर्षाचा संकल्प आणि राहिलेले पाच हजार

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही सुप्याजवळ राहतो. मागच्या डिसेंबरात आमच्या चर्चमध्ये संकल्पपत्रं वाटली होती, येत्या वर्षी महिन्याला किती देणार ते लिहून सही करायची आणि नाताळच्या आधीच्या रविवारी दानाच्या थैलीत टाकायचं. आम्ही दोघांनी विचार करून हजार लिहिले. जुलैपर्यंत दर महिन्याला दिले पण, मग ह्यांचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते रिन्यूच झालं नाही, आता मिळेल त्या कामाला जातात. पाच हजार राहिलेत. गेल्या रविवारी उपासना झाल्यावर खजिनदारांनी उभं राहून बाकीवाल्यांची यादी वाचली, आमचं नाव तिसरं होतं, मी मुलीला घेऊन तशीच बाहेर आले. सासूबाई म्हणतात देवाला शब्द दिलाय, माझी बोरमाळ मोड पण फेड. त्यांच्या स्वतःच्या शुगरच्या गोळ्याच महिन्याला आठशेच्या येतात. काय करू?

उत्तर: सलाम. आधी ती बोरमाळ परत डब्यात ठेव, या महिन्याच्या गोळ्या आणल्यास का ते बघ आणि मग पुढचं वाच.

सासूबाई काही उगाच बोलत नाहीत. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात आहे आणि त्यांना ते वचन तोंडपाठ असणार. पण त्यांच्याजवळ बसून लेवीयचा 27 वा अध्याय काढ. तिथे माणसाचा नवस केला तर त्याचं मोल किती ते ठरवून दिलंय, वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचं पन्नास शेकेल (तेव्हाचं चांदीचं वजन), बाईचं तीस, आणि लगेच आठव्या वचनात म्हटलंय की ज्याची तेवढी ऐपत नसेल त्याला याजकापुढे आणायचं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवायचं. म्हणजे बघ, नियमशास्त्र एवढं कडक, त्यात सुद्धा रक्कम कमी करून घ्यायची वाट ठेवलीय, फक्त घरी कुढत बसायचं नाही, याजकाकडे जाऊन सांगायचं. मग आपण पाळकसाहेबांकडे, म्हणजे आपल्या पास्टरकडे, जायला का लाजायचं?

आणि गोळ्यांचं म्हणशील तर मार्कचा सातवा अध्याय. आईबापाला जे द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला अर्पण केलं असं सांगून लोक हात वर करायचे, त्यांना येशूने चांगलंच सुनावलंय. सासूबाईंच्या औषधाचे पैसे काढून संकल्प फेडणं हे त्याच वाटेने जाणं आहे, आणि हे त्यांना तू नको सांगू, पाळकसाहेबांना सांगायला लाव, त्यांच्या तोंडून त्या ऐकतील.

मला स्वतःला सगळ्यात आधार वाटतो तो करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा, आठवा आणि नववा अध्याय. ती मंडळी पण तुमच्यासारखीच अडकलेली होती, यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत द्यायचं आदल्या वर्षी कबूल केलं आणि पुढे काम रेंगाळलं. ते पत्र लिहिणारा पौल आठवण करून देतो, चांगली दोन अध्याय भरून देतो, पण त्यातच लिहितो की उत्सुकता असली की ज्याच्याजवळ जेवढं आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. आणि यादी वाचली असं त्यात कुठेच नाही.

त्या यादीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मी अठरा वर्षं आमच्या मंडळीची खजिनदार होते आणि पहिल्या दोन वर्षांत मी पण यादी वाचलीय, आधीचे वाचायचे म्हणून मीही वाचली. त्यात एका आजींचं नाव होतं, महिना पन्नास, चार महिने बाकी. पुढच्या रविवारी त्या उपासनेच्या आधीच आल्या, माझ्या टेबलासमोर उभं राहून पदराची गाठ सोडली आणि दहाच्या नोटा, पाचाची नाणी, दोनाची नाणी अशी मांडत गेल्या. एकशे नव्वद भरले. म्हणाल्या, दहा पुढच्या रविवारी देते, तेवढं नाव नको वाचू. मी पावती लिहिताना वर बघितलं नाही, बघवलंच नाही. त्यानंतर सोळा वर्षांत मी एकदाही यादी वाचली नाही, ज्याचं राहिलं असेल त्याच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, काय अडचण आहे विचारायचे, आणि खरं सांगते, वसुली आधीपेक्षा कमी झाली नाही. तुमच्या खजिनदारांना हे पान वाचायला दे. किंवा नको, तू नको देऊस, पाळकसाहेबच देतील.

आता दुसरी बाजू पण ऐक, कारण कमिटी ही पत्रं भरून का घेते ते कळलं की राग थोडा कमी होतो. आपल्या नगर भागात अमेरिकन मिशनचं ठाणं 1831 मध्ये सुरू झालं आणि सुरुवातीला सगळी भिस्त परदेशातून येणाऱ्या पैशावर. त्याच मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रुफस अँडरसन 1854-55 मध्ये इकडे दौऱ्यावर आले होते, त्यांचं सगळं म्हणणंच हे की इथल्या मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, कारभार आपण करावा, सुवार्ता आपण पसरवावी. बोलायला सोपं, पण ज्या गावात मंडळीतले बहुतेक लोक शेतमजूर, तिथे पाळकाचा पगार कुठून काढायचा? तरी लोकांनी काढला. सुगीच्या सणाला ज्वारीची पायली, अंडी, भोपळा, कोंबडी घेऊन यायचे आणि उपासनेनंतर लिलाव, आजही होतो तो. मी एकच कोंबडी तीनदा विकलेली बघितलीय, घेणारा परत चर्चलाच द्यायचा आणि पुन्हा बोली लागायची, पोरं नुसती ओरडत असायची. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आता घर आपलं आणि घरखर्चही आपलाच.

समजा साठ कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाने महिना पाचशे लिहिले, तर वर्षाचे तीन लाख साठ हजार झाले. त्यावर कमिटी पाळकांचा पगार, डायोसिसला (बिशपच्या कार्यालयाला) पाठवायचा हिस्सा, लाईटबिल, गळणाऱ्या पत्र्याचं काम असं सगळं बसवते. त्यातल्या वीस जणांनी काहीच न कळवता देणं थांबवलं तर एक लाख वीस हजाराचा खड्डा पडतो आणि तो कळतो थेट फेब्रुवारीत, हिशोब लावताना. म्हणून कमी देण्यापेक्षा न कळवणं कमिटीला जास्त जड जातं.

तेव्हा असं कर. रविवारी गर्दीत नको, मधल्या वारी संध्याकाळी तुम्ही दोघं पाळकसाहेबांकडे जा. जुलैपर्यंत दिलेत त्याच्या पावत्या बरोबर घ्या. सरळ सांगा, काम सुटलंय, डिसेंबरपर्यंत महिना पन्नास की शंभर काय जमेल ते, आणि मागचं राहिलेलं या वर्षी होणार नाही. रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहून घ्यायला सांगा. कॉन्ट्रॅक्ट लागल्यावर मनात आलं तर द्या, ते तेव्हाचं तेव्हा. आणि या रविवारी चर्चला जा, मुलीला घेऊन जा, नेहमीच्या बाकावर बसा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. इथल्या चर्चमध्ये ऑक्टोबर आला की प्लेज कार्ड येतं, पुढच्या वर्षी किती देणार ते लिहा म्हणून. नगरला आई-बाबांच्या मंडळीलाही द्यावंसं वाटतं, तिथे माझा बाप्तिस्मा झालाय. दोन्हीकडे वाटून दिलं तर चालतं का? आणि कार्ड भरलं की ते कायद्याने बंधनकारक असतं का?

उत्तर: वाटून द्यायला काहीच हरकत नाही, फक्त जिथे दर रविवारी बसता, जिथे तुमची मुलं संडे स्कूलला जातात, तिथला वाटा आधी काढा. तिथले दिवे, हीटिंग, पास्टरचा पगार तुम्हीही वापरताच ना. प्लेज कार्ड बहुतेक चर्चेसमध्ये बजेट बांधण्यासाठी अंदाज म्हणून घेतात आणि परिस्थिती बदलली तर ऑफिसला कळवून आकडा बदलता येतो, बऱ्याच कार्डांवर तसं छापलेलंच असतं. बिल्डिंग फंडासारखी मोठी रक्कम असेल तर मात्र काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. टॅक्समध्ये वजावट कबूल केलेल्या रकमेची नाही, त्या वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेची मिळते, आणि एकावेळी 250 डॉलर किंवा जास्त दिले असतील तर चर्चचं लेखी पत्र हवं.

नगरच्या मंडळीला पाठवताना मात्र जपून, इथे बरेच जण फसतात आणि निस्तरावं लागतं बिचाऱ्या इकडच्या खजिनदाराला. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुमच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन किंवा सरकारची आधी घेतलेली परवानगी नसलेल्या चर्चला ती घेताच येत नाही. रजिस्ट्रेशन असेल तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या त्यांच्या खात्यातच जायला हवेत. तेव्हा बाबांच्या खात्यावर टाकून "तुम्ही तुमच्या नावाने द्या" असला शॉर्टकट काढू नका, बाबा कदाचित कमिटीवर असतील, उद्या ऑडिटमध्ये उत्तर त्यांना द्यावं लागेल. आणि थेट इकडच्या चर्चला पाठवलेल्या पैशावर तिकडे टॅक्सची वजावट साधारणपणे मिळत नाही, ते धरूनच चाला.

प्रश्न: मी कांदा करतो, राहुरी तालुका. दशमांशाचा संकल्प केलाय. व्यापाऱ्याकडून विक्रीची पट्टी येते त्याचा दहावा भाग द्यायचा की बियाणं, खत, मजुरी, गाडीभाडं काढून उरेल त्याचा? आणि पावतीवर टॅक्स सुटतो का?

उत्तर: भाऊ, खर्च काढून जे उरतं त्याचा द्या. पगारदाराला हातात येतो तो पगार, तुमच्या हातात येते ती पट्टी नाही, पट्टीतले निम्मे पैसे आधीच दुकानदाराचे असतात. ज्या वर्षी भाव पडून मुद्दलही निघालं नाही त्या वर्षी दशमांश शून्य, त्याचं मनाला लावून घेऊ नका, सुगीच्या सणाला चार कांदे घेऊन या, लिलावात कोणीतरी दोनशेला घेईल. जमलं तर आकडा लिहिण्याऐवजी कार्डावर "उत्पन्नाचा दहावा भाग, पीक विकल्यावर" असंच लिहा, खजिनदार कुरकुर करेल कारण त्याला बजेटला आकडा हवा असतो, तर त्याला मागच्या तीन वर्षांत किती दिलं ते सांगा, त्यावरून तो अंदाज धरेल.

टॅक्सचं म्हणाल तर, निव्वळ धार्मिक कामासाठीच्या ट्रस्टला आपण ज्याला 80जी म्हणतो ती सवलत साधारणपणे नसते, शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या वेगळ्या संस्थेला असू शकते, आणि तिथेही दोन हजाराच्या वर रोख दिले तर धरत नाहीत. पण सवलत नसली तरी पावती सोडू नका. आपली चर्चेस महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात, हिशोब ठेवायला आणि तपासून घ्यायला बांधलेली आहेत, तुमची शंभराची पावती पण त्या पुस्तकात आलीच पाहिजे. कार्बनचा कागद नीट लागलाय का तेवढं बघून घ्या, पुष्कळदा खालच्या प्रतीवर काही उमटतच नाही.