वाकले तर मणका सरकेल ना?

माझ्याकडे व्यायाम शिकायला येणाऱ्या कंबरदुखीवाल्यांचा हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत आला नाही, तरच नवल. चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी तो बसता बसताच विचारला. आठ महिन्यांचं दुखणं, कमरेला दिवसभर पट्टा, हातात एमआरआयचा रिपोर्ट आणि त्यातल्या 'डिस्क बल्ज'खाली, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगल्याच्या नोंदीखाली, पेनाने ओढलेली रेघ. गंभीर काही नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. पन्नाशीतल्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांतही निम्म्याहून अधिकांच्या एमआरआयमध्ये असा बल्ज दिसतो, हेही मी सांगून पाहिलं. आकड्यांनी भीती जात नाही.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "वाकणं अगदी बंद?"

"अगदी. पडलेलं पेनसुद्धा मुलगा उचलतो."

"आणि सँडलचा पट्टा?"

"तो मीच लावते. बसून."

"दिवसातून किती वेळा?"

"चारेक वेळा."

"कंबर तेवढीच वाकते की! दुखते तेव्हा?"

बराच वेळ शांतता. मग, "त्याला मी वाकणं धरतच नव्हते."

याच वाक्याची मी वाट पाहत होते. सँडल लावताना त्यांचा श्वास चालू असे. 'वाकायचं' म्हटलं की श्वास रोखून पाठ ताठ. दिवसभर आवळून धरलेले स्नायू दुखणारच. माझ्या मते, जुन्या कंबरदुखीत आधी सैल करायची असते ती ही धास्ती.

मग खुर्चीत बसून, श्वास सोडत हात गुडघ्यांपर्यंत न्यायचे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. आठवड्याने नडगीपर्यंत, मग जमिनीपर्यंत. उठल्या उठल्या मात्र नको. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर जाऊ द्यावा. उभं राहून काम करताना त्यांना 12 मिनिटांनी कळ येई, म्हणून 10 मिनिटांनी थांबायचं, दर तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. थांबायचं ते घड्याळ बघून. इथेच बहुतेक जण फसतात: बरं वाटलेल्या दिवशी आठवड्याचं काम उरकतात आणि पुढचे दोन दिवस आडवे होतात.

दुसऱ्या दिवशी थोडं दुखलं तर चालेल. 24 तासांत ओसरलं नाही, तर प्रमाण निम्मं करायचं, पूर्ण बंद नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं यांपैकी काही दिसलं तर मात्र माझ्याकडे यायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

सहाव्या भेटीत पट्टा पिशवीत होता. "असू दे सोबत," म्हणाल्या. मी हरकत घेतली नाही.