हायब्रिड बस घ्यावी का? आधी मार्ग बघा

तुमचे प्रश्न दोन आहेत. हायब्रिड बस, म्हणजे डिझेल इंजिनाबरोबर विजेची मोटर आणि बॅटरी असलेली बस, खरंच डिझेल वाचवते की नुसतं नाव मोठं? आणि तुमच्या शहरात चार्जिंगची सोय होईपर्यंत मधला पर्याय म्हणून ती घ्यावी का? एका परिवहन उपक्रमाच्या वर्कशॉपमध्ये माझी बावीस वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल वाचतं. पण किती वाचेल हे बसपेक्षा रस्त्यावर जास्त अवलंबून आहे.

बारा मीटरची बस प्रवाशांनी भरली की साधारण १६ टनांची होते. ती ताशी ४० किमी वेगाने धावत असताना तिच्यात पाव युनिट विजेपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते. साध्या डिझेल बसमध्ये ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकचे लायनर आणि ड्रम तापवण्यात जाते. एक लिटर डिझेल जाळून इंजिन ढोबळमानाने साडेतीन युनिटांचं काम देतं. म्हणजे त्या वेगावरून बारा-तेरा वेळा गाडी पूर्ण थांबवली की एक लिटर डिझेल निव्वळ ब्रेकमध्ये गेलं. शहरातल्या एका फेरीत थांबे, सिग्नल आणि मध्येच घुसणाऱ्या रिक्षा धरल्या तर गाडी किती वेळा थांबते ते मोजून बघा.

हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना मोटर जनित्राचं काम करते आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. पुढच्या थांब्यावरून गाडी उचलताना तीच वीज वापरली जाते. डिझेल इंजिन सर्वांत जास्त पितं आणि धूर ओकतं ते नेमकं उचलताना, आणि तिथेच त्याला मदत मिळते. लायनरही जास्त दिवस टिकतात. सगळी ऊर्जा परत येत नाही, पण निम्मी आली तरी दिवसभरात मोठा फरक पडतो.

याची उलट बाजू अशी की मोकळ्या द्रुतगती मार्गावर वीस मिनिटं सलग धावणाऱ्या गाडीला परत मिळवायला काही उरतच नाही. तिथे बॅटरी आणि मोटर म्हणजे नुसतं वाहून न्यायचं ओझं. न्यूयॉर्कच्या अनुभवातून हेच दिसतं. तिथल्या परिवहन संस्थेने हजाराहून जास्त हायब्रिड बस घेतल्या. मॅनहॅटनच्या गर्दीत, पावलापावलावर थांबत जाणाऱ्या मार्गांवर त्या शोभल्या. बाहेरच्या उपनगरांत वेग जास्त आणि थांबणं कमी, त्यामुळे बचत घटली. वॉरंटी संपल्यावर मोटरी जळू लागल्या, तेव्हा २०१३ मध्ये जवळजवळ ४०० बसमधली हायब्रिड यंत्रणा काढून साधी डिझेल इंजिनं बसवायचं ठरलं.

सिएटलचा अनुभव चांगला आहे. तिथे २००४ मध्ये २०० हून अधिक हायब्रिड जोडबस (मध्ये सांधा असलेल्या लांब बस) घेतल्या. शहराच्या मध्यातल्या बोगद्यातून जायचं असल्याने धूर आणि आवाज कमी हवा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने त्यांची तुलना त्याच बनावटीच्या डिझेल जोडबसशी वर्षभर केली, तेव्हा ॲव्हरेज २७ टक्क्यांनी जास्त भरलं. हायब्रिड म्हणजे निम्मं डिझेल, असं कुणी विक्रेता सांगत असेल तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

बॅटरीचं लंडनवरून शिकावं. २०१२ मध्ये रस्त्यावर आलेल्या नव्या रूटमास्टर दुमजली बसमध्ये चाकं फक्त मोटर फिरवते, इंजिन वीज तयार करण्यापुरतं. २०१५ पर्यंत त्यातल्या ऐंशीच्या आसपास गाड्यांच्या बॅटऱ्यांनी दगा दिला आणि त्या केवळ डिझेलवर चालवाव्या लागल्या. म्हणून माझं म्हणणं कायम हेच राहिलंय की बॅटरी सहाव्या वर्षी कोण बदलणार आणि कुठल्या दराने, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्या. वर्कशॉपला स्पेअरची वाट बघत उभी असलेली गाडी दिसते, निविदेत ती दिसत नाही.

आपल्या हवामानाची एक गोष्ट या परदेशी आकड्यांत येत नाही. गाडी थांब्यावर असताना इंजिन बंद ठेवायचं, तर एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालायला हवा. तो पट्ट्याने इंजिनवरच चालत असेल, तर मे महिन्यात इंजिन बंद ठेवता येणार नाही आणि बचतीचा एक मोठा भाग तिथेच गेला.

चालकांचंही तितकंच महत्त्व आहे. आमच्या डेपोत चालकवार ॲव्हरेजचा तक्ता लागायचा. तीच गाडी, तोच मार्ग, तरी दोन चालकांत ठळक फरक दिसायचा. हायब्रिडमध्ये हा फरक आणखी वाढतो, कारण अचानक ब्रेक दाबला की काम साध्या ब्रेकवर जातं आणि वीज हातची जाते. लांबून हळूहळू वेग उतरवणारा चालक बॅटरी भरतो. हे प्रशिक्षण दोन दिवसांत देता येतं.

आपल्याकडे नवी मुंबईने २०१६ मध्ये पाच व्होल्वो हायब्रिड घेतल्या. २०१८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटांच्या २५ हायब्रिड आणल्या आणि त्या मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने चालवल्या. तेव्हा विजेवरच्या आणि हायब्रिड वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेचा पैसा हायब्रिड बसला मिळत असे. २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात बससाठीचा पैसा पूर्णपणे इलेक्ट्रिककडे वळला. २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० इलेक्ट्रिक बस आहेतच, शिवाय डेपोच्या विकासाचा आणि डेपोतल्या वीजव्यवस्थेचा खर्चही धरलेला आहे. ती मुख्यतः तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे.

त्यामुळे मधला पर्याय म्हणून घ्यावी का, या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्टपणे 'नको' असं आहे. चार्जिंग नाही एवढ्या एका कारणावरून आज नव्या हायब्रिड घेऊ नका. दोन यंत्रणांची देखभाल एकाच गाडीत, आणि बाजारात सुटे भाग देणारे कमी, हे लहान उपक्रमाला झेपत नाही. आधी त्या योजनेत तुमचं शहर बसतं का ते तपासा. पण कुठून जुन्या हायब्रिड तुमच्याकडे येणार असतील, तर त्या नाकारूही नका. स्टेशन ते बाजारपेठ अशा, सगळ्यात जास्त थांबत जाणाऱ्या मार्गावर लावा, बायपासवर कधीच नको.

तुमच्या मुख्य मार्गांची लांबी, थांब्यांची संख्या आणि गर्दीच्या वेळी एका फेरीला लागणारी मिनिटं इथे लिहा. डेपोच्या लॉगशीटवर सगळं मिळेल. कुठल्या मार्गावर आधी इलेक्ट्रिक लावावी, ते त्यावरून सांगतो.