ऐंशीपैकी अकरा मिनिटं

आम्ही मूळचे नेरुळचे, गेली नऊ वर्षं टेक्सासमध्ये आहोत. मुलगा दहावीत, शाळेच्या फुटबॉलच्या ज्युनिअर व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघाखालच्या, संघात खेळतो. सामना ऐंशी मिनिटांचा. त्यात याला कधी अकरा मिनिटं मिळतात, कधी आठ. कोच कारण सांगत नाहीत. ह्यांनी प्रत्येक सामन्यातली मिनिटं फोनवर टिपून ठेवली आहेत आणि कोचना पाठवायला दोन पानी ईमेल लिहून तयार आहे. मुलगा म्हणतो, पाठवलात तर मी खेळच सोडेन. दर रविवारी नेरुळहून आजोबा व्हिडिओ कॉलवर 'किती गोल मारलेस?' विचारतात आणि हा उठून आत जातो. आम्ही काय करावं?

ताई, ईमेल पाठवू नका. तुमच्या यजमानांची तळमळ मला कळते. मुलाचा प्रत्येक सामना घड्याळ लावून बघणारा बाप आहे तो. पण तिकडच्या शाळांमध्ये हंगामाच्या सुरुवातीला कोच पालकांची सभा घेतात आणि पालकांनी कशाबद्दल बोलावं हे बहुतेक ठिकाणी तिथेच स्पष्ट करतात. मुलाची तब्येत, त्याचं वागणं, घरी सराव काय करून घ्यावा, हे खुशाल विचारा. कुणाला किती वेळ खेळवलं, दुसऱ्याच्या मुलाला का उतरवलं, हे विषय बंद. सामन्यानंतर चोवीस तास कोचकडे जायचं नाही, असाही नियम अनेक शाळांत असतो. त्या सभेत मिळालेला कागद घरात कुठेतरी असेल, तो आधी शोधा.

खेळायला मिळत नाही हे विचारायचंच नाही, असं मात्र नाही. विचारायचं, पण मुलानं. तो नियम पालकांसाठी आहे, मुलाला ही वाट मोकळी आहे.

हे मी इतकं ठासून का म्हणते ते सांगते. ठाण्यात मी बरीच वर्षं मुलींना खो-खो शिकवला. एका वर्षी एक मुलगी होती, पायात वारं भरल्यासारखी पळायची. पण पाठलाग करताना ऐन वेळी दिशा बदलायची. खो-खोत एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागे फिरता येत नाही. ती फिरायची, शिट्टी वाजायची, फाऊल. मी तिला बाहेर बसवली. का बसवली ते सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तिला कळत असेल. संपूर्ण हंगाम ती मैदानाच्या कडेला दप्तर मांडीवर घेऊन बसली. पुढच्या जूनमध्ये आलीच नाही. तिची आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "तिला वाटलं, बाईंना ती आवडत नाही." पंधरा दिवसांत सुधारली असती अशी चूक होती. आईनं विचारलं नाही, कारण आपल्याकडे बाईंना, सरांना काय विचारायचं! मुलीनं विचारलं नाही, कारण मी तशी सवयच लावली नव्हती. ही चूक माझी.

आपल्याकडचे सगळे गुरू अबोलच होते असंही नाही. आचरेकर सरांची गोष्ट तुमच्या घरात ठाऊक असेलच. ते सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बाद करेल त्या गोलंदाजाला नाणं मिळायचं, शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनला. सर कडक होते, कौतुकाला फार जपून हात घालायचे. तरी त्यांना काय हवंय ते मैदानातल्या प्रत्येक पोराला दिसत होतं, स्टंपवरच ठेवलेलं होतं. तुमच्या मुलाच्या कोचचं नाणं कुठे ठेवलंय, एवढंच त्याला शोधायचं आहे.

त्याचे प्रश्न छोटे असावेत. सरावाच्या आधी किंवा नंतर, एकट्यानं गाठून: "मला जास्त वेळ खेळायचं आहे. कुठल्या दोन गोष्टींवर मेहनत घेऊ? या जागेवर मी तुमच्या मनात कुठे आहे?" व्हर्सिटी हा शाळेचा मुख्य संघ, तो जिंकायला उतरतो. ज्युनिअर व्हर्सिटी ही त्याच्यासाठी मुलं घडवायची जागा, म्हणून तिथे हा प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाय शालेय फुटबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत घेता येतो. त्यामुळे कोचच्या मनात आलं तर मिनिटं वाढवणं अवघड नसतं. काही कोच तरीही प्रत्येक सामना जिंकायलाच खेळतात. उत्तर तसं आलं तर तेही कळू दे. मग राहायचं, की क्लबकडून खेळायचं, की क्रॉस कंट्रीसारख्या, म्हणजे माळरानातून लांब पळण्याच्या, खेळाकडे वळायचं, हे त्याला ठरवता येईल. क्रॉस कंट्रीत सहसा कुणाला गाळत नाहीत.

बाकावर बसणं वाया जात नाही, असं मी त्याला सांगणार नाही. कधी कधी जातं. 1988 मध्ये सचिन आणि कांबळीनं शारदाश्रमसाठी 664 धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. पुढे त्यानं प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. तोच 2025 मध्ये भारताच्या महिला क्रिकेट संघाचा प्रशिक्षक होता. त्या वर्षीच्या विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध वगळलं गेलं. मग तुमच्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य फेरीत तिनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या. आजोबांना विचारा, 2 नोव्हेंबरला भारतानं अंतिम सामना जिंकल्यावर रात्री किती वेळ फटाके वाजत होते ते. मुलाला हे सांगायचं तर पूर्ण सांगा, मुझुमदारच्या न मिळालेल्या टोपीसकट.

एका बाबतीत मात्र मुलाची वाट बघू नका, चोवीस तासही थांबू नका. डोक्याला मार लागल्यावर, दुखत असताना, किंवा उन्हात पाणी न देता पळवलं, तर त्याच दिवशी फोन करा. डोक्याच्या दुखापतीबद्दल 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्यानं कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या 50 राज्यांनी तसे कायदे केले. शंका जरी असली तरी मुलाला त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. अपमान करणं, अंगावर हात टाकणं, यालाही 'कोचची पद्धत' म्हणून सोडून देऊ नका. कोचशी बोलून भागलं नाही तर शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरकडे, म्हणजे क्रीडा विभागाच्या प्रमुखांकडे, जा.

आता आजोबा. त्यांना तुम्ही नाही, यजमानांनी फोन करावा, मुलगा घरात नसताना. "बाबा, गोलांचं विचारू नका, आज सरावाला काय केलंस ते विचारा," एवढंच सांगायचं. आणि गाडीत बसल्या बसल्या मिनिटं मोजून दाखवणं यजमानांनीही थांबवावं. पोरगं दमून, भुकेलेलं येतं. आधी डबा उघडून त्याच्या हातात द्या.

त्यानं कोचना विचारलं की मला कळवा. त्यानं नेमके कोणते शब्द वापरले, तेही लिहा.