दाब वाढत नाही म्हणून घर्षणाला हात लावू नका

प्रत्येक कण वेगळा धरून चालणाऱ्या तुमच्या संगणकीय मॉडेलमध्ये अर्ध्या मीटर व्यासाच्या साइलोत (दाणे साठवायच्या उंच टाकीत) दाण्यांची उंची १.२५ वरून २.५ मीटर केली, तरी तळावरचा दाब जेमतेम १४ टक्के वाढला. म्हणून भिंतीचे घर्षण कमी करू का, असे तुम्ही विचारले आहे. अजिबात करू नका. तुमचे मॉडेल बरोबर वागते आहे.

पाणी भरले असते तर दाब दुप्पट झाला असता. दाणे मात्र भिंतीवर रेलतात आणि घर्षणातून आपले बरेचसे वजन तिच्यावर टाकतात. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्येच हे सूत्रात मांडले. व्यासाला घर्षण गुणांक आणि आडव्या-उभ्या दाबाचे गुणोत्तर यांच्या गुणाकाराच्या चौपटीने भागा. तुमचे ०.४ (घर्षण गुणांक) आणि ०.५ (गुणोत्तर) घेतले तर ०.६२५ मीटर ही उंची येते. त्याच्या दुप्पट उंचीला दाब कमाल मर्यादेच्या ८६ टक्क्यांवर पोचतो, चौपट उंचीला ९८ टक्क्यांवर. तुमचे १४ टक्के इथूनच आले.

खरी तपासणी वेगळी आहे, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. दाणे स्थिरावल्यावर तळावरचे बल आणि भिंतीवरचे उभे बल यांची बेरीज करा. ती एकूण वजनाइतकी भरलीच पाहिजे. भरत नसेल तर दाणे अजून हलत आहेत, नाहीतर खालच्या शंकूचे बल मोजायचे राहिले आहे. भरणी कशी केली यावरही भिंतीचे घर्षण किती जागे होते हे ठरते, त्यामुळे सूत्रापासून थोडा फरक पडला तर घाबरू नका.

मला काळजी वाटते ती तुमच्या दुसऱ्या बदलाची. वेळ वाचवायला तुम्ही कणांचा व्यास दुप्पट केलात. कण आठपट कमी झाले, टाइमस्टेपही (गणनेच्या एका टप्प्याचा काळ) दुप्पट मिळाला, मोह समजतो. पण साइलोचे दाणे बाहेर पडायचे तोंड मूळ कणाच्या आठपट होते, ते आता चौपटच राहिले. इतक्या अरुंद तोंडावर दाण्यांची कमान धरून प्रवाह अडकणारच. अडकला नाही, तरी तोंड आणि कण यांच्या आकारावरून विसर्ग (दाणे बाहेर पडण्याचा दर) काढणाऱ्या बेव्हर्लू यांच्या सूत्राने तो मूळच्या साधारण ५५ टक्क्यांवर येतो. आकार मूळचाच ठेवा आणि त्याऐवजी कणांचा कडकपणा शंभरपट कमी करा: टाइमस्टेप दहापट वाढतो, आणि कण एकमेकांत फार रुतत नाहीत तोवर विसर्गावर विशेष परिणाम होत नाही.

राहिला ढिगाच्या कोनाचा मुद्दा, म्हणजे ओतलेल्या दाण्यांच्या ढिगाचा उतार जुळवून घर्षणाची मूल्ये ठरवण्याचा. सरकते आणि लोळते घर्षण यांच्या अनेक जोड्या तोच कोन देतात. निदान एक विसर्गाची चाचणी सोबत जुळवा, मगच ती मूल्ये वापरा.