पहिली पायी वारी : आळंदीहून निघावं की पैठणहून?

प्रश्न विचारणारे मूळचे बीड जिल्ह्यातले, नोकरीला पुण्यात. आषाढीला पहिल्यांदाच पायी जायचंय, तर आळंदीहून निघावं की पैठणहून, आणि वाट कोणती सोपी, असं त्यांनी विचारलंय.

पैठणहून. संत एकनाथांची, म्हणजे नाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जात असताना बीडच्या माणसानं आळंदी गाठायचं कारणच काय?

हा प्रश्न मला लागला, कारण माझे थोरले साडू पुण्याचे. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालतात. धाकट्या मेहुणीच्या लग्नात भर पंगतीत ते म्हणाले, "खरी वारी आळंदीची. बाकीच्या आपल्या गावाकडच्या दिंड्या." शेजारच्या पाटावर माझे वडील होते. हयातभर नाथांच्या पालखीत विणेकरी म्हणून चाललेला माणूस. 'रामकृष्णहरी' म्हणून ते पुढचा घास घेते झाले. सोयऱ्यांसमोर वाद नको म्हणून मीही गप्प बसलो, पण तो शब्द अजून सलतो.

साडूंना सांगायचं राहिलं ते इथं लिहितो. माउलींच्या पालखीला आजचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात दिलं. लोक त्याच्या कितीतरी आधीपासून आपापल्या गावाहून पंढरीला चालतच होते. माउलींच्या घराण्याचं मूळ गाव आपेगाव, ते पैठणजवळ गोदाकाठी. ज्ञानेश्वरीची प्रत नाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली. नाथांचे पणजोबा भानुदास महाराज, त्यांनी विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती परत आणली असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळातच आहे. मानाच्या पालख्यांत नाथांची आहे. मग 'गावाकडची दिंडी' कशी काय?

पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते. शिरूर कासार तालुक्यातून रायमोहा, पाटोदा, पुढं खर्डा, परांडा, कुर्डू, करकंब अशी पंढरपूरला. मिडसांगवी, पारगाव घुमरे, नागरडोह, कव्हेदंड इथली रिंगणं चुकवू नका. अंतर आळंदीच्या वाटेसारखंच, अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

वडिलांचे गुडघे गेल्यावर दिंडीत वीणा माझ्याकडं आली. त्या साली रायमोह्याच्या पुढं बालाघाट चढताना पावसानं गाठलं. वहाणांना चिखलाचे पेंड बसले, म्हाताऱ्या बाया डोईवरचं तुळशीवृंदावन एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पुढचीचा पदर धरत होत्या. अंधार पडता पडता आमच्या दिंडीच्या ठरलेल्या घरी पोचलो. चुलीवर बाजरीची भाकरी, परातीत पिठलं. घरातल्या मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "बुवा न्हाई आले?" तब्येतीचं सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातातून वीणा घेतली नाही, वीणा अशी कुणाच्या हातून घेत नाहीत हे त्यांना माहीत. पाया पडल्या आणि ओसरीतल्या खुंटीकडं बोट केलं. सागाची, तेल पिऊन काळी झालेली. तिला वर्षभर पिशवी नाही, टोपी नाही, काही नाही. लेकरानं दप्तर अडकवलं तरी रागावतात म्हणे. आषाढवारीत एक रात्र तिथं वीणा टांगायची, एवढ्यासाठी ती मोकळी. लाखोंच्या गर्दीत तंबू टाकून झोपणाऱ्याला असं घर कुठून मिळणार? पहिल्या वारीला मी हेच सगळ्यात मोठं मानतो.

आता सोप्या वाटेचं. मराठवाड्यातलं ऊन ज्येष्ठात सोसत नाही, पाऊस लांबला तर फारच. पैठण-पंढरपूर रस्ता आता सिमेंटचा झालाय आणि सावलीला झाडं नाहीत. सिमेंटवर दिवसभर चाललं की पोटऱ्या भरून येतात, म्हणून कडेच्या मुरमावरून चाला. नवे बूट घालून निघू नका. एकटे मागंपुढं फिरण्यापेक्षा एखाद्या दिंडीत आधीच नाव द्या आणि भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरा, म्हणजे पंगत, सामानाचा ट्रक आणि मुक्कामाची राहुटी यांची काळजी नाही. पाणी, दवाखाना, शौचालयं या सोयी आळंदीच्या वाटेवर जास्त आहेत, हे खरं आहे. घरातलं कुणी आजारी किंवा फार वयस्कर सोबत असेल तर तिकडून जा, मी अडवणार नाही. परळी-अंबाजोगाईकडचे असाल तर शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी तुमच्याच भागातून जाते, तिचाही विचार करा.

पूर्ण रजा मिळाली नाही तर पाटोद्याला किंवा परांड्याला सामील व्हा, चालतं. पण निघा नाथांच्या पालखीत, आणि पुण्याला परतल्यावर ऑफिसात कुणी "आळंदीहून नाही का गेलात?" विचारलं तर पैठणहून आलो म्हणून ताठ मानेनं सांगा.