पातळ होतंय म्हणजे जुलाब नव्हेत, आधी खडा आहे का ते बघा

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ७४ वर्षांच्या, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, पंधरा दिवस पलंगावर आहेत. पाच दिवस संडास नव्हती, कालपासून थोडं थोडं पातळ होतंय. जुलाब थांबवायची गोळी द्यावी का आणि घरी एनिमा कसा देतात, हे तुम्हाला हवंय.

गोळी देऊ नका. हा बहुतेक खडा आहे. वाळलेला मळ गुदाशयात अडकतो, मागचा पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपत बाहेर येतो. आतड्याची हालचाल मंदावणारी गोळी दिली की खडा आणखी पक्का बसतो. खूण अशी की दर वेळी चमचा-दोन चमचेच होतं, बऱ्याचदा पेशंटला कळतही नाही, आणि पोट मात्र तट्ट असतं.

मिरजेला हाडांच्या वॉर्डात तासगावकडच्या एका आजी होत्या. त्यांच्या चार्टवर ओळीनं चार दिवस ‘मोशन झाली’ अशी खूण. सकाळी राउंडला कुणी विचारायचं, लेक म्हणायची, "झाली की, सारखी होतीया." पाचव्या दिवशी स्पंजिंगला कूस वळवली तर चादरीवर तपकिरी पाण्याचे डाग, आणि पोटाच्या डाव्या खालच्या बाजूला हाताला गोट्या लागत होत्या. जेवण दोन दिवस ‘नको नको’. औषधं बघितली तर दुखण्यासाठी ट्रामाडॉल, शिवाय लोह आणि कॅल्शियम. तिन्ही मळ घट्ट करणारी. त्यावर घरचं इसबगोल, तेही अर्ध्या पेल्यात. आणि पाणी? सारखं बेडपॅन द्यायला नको म्हणून दिवस मावळला की बंद. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, खडाच होता. आधी मऊ करून मग काढावा लागला.

चार दिवस चादर उचलून कुणी बघितलं नाही, माझा राग त्यावर आहे. मळ बघणं हे मावशींचं काम, सिस्टरचं नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही आणि पटणारही नाही. किती झालं, कसं झालं, कळ आली का, हे वहीत उतरायला हवं. मळ कसा आहे ते आकड्यानं सांगणारा ब्रिस्टलचा तक्ता १९९७ पासून आहे, त्यात सातच प्रकार. १ आणि २ म्हणजे लेंड्या किंवा गाठाळ मळ, ३-४ चांगला, ६-७ पातळ. घरीसुद्धा वेळ आणि आकडा एवढंच लिहिलं तरी डॉक्टरांना खूप कळतं.

आता एनिमा. पहिला तुम्ही देऊ नका. गुदाशय आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण अँटिबायोटिकनं खरे जुलाबही लागतात. खडा घरी बोटानं काढायला जाऊ नका, वयस्कर माणसाची नाडी त्यात एकदम मंदावू शकते. साबणाचं पाणी अजिबात नको, आतली त्वचा सोलवटते. फॉस्फेटच्या एनिमाची तयार बाटली मूत्रपिंड अधू असलेल्यांना धोक्याची. डॉक्टरांनी सांगितल्यावर देतात तेव्हा डाव्या कुशीवर वळवून, टोकाला जेली लावून, बेंबीच्या रोखानं हळू. अडलं की तिथंच थांबायचं. बिसाकोडिलची सपोझिटरी (गुदाशयात ठेवायची औषधाची वडी) असेल तर ती भिंतीला टेकली पाहिजे, मळात खुपसली तर वाया जाते.

पुढचं सगळं रोजच्या बैठकीवर. नाश्ता-चहा झाला की वीस-तीस मिनिटांत आतडं आपणहून हलतं, ती वेळ चुकवू नका. बसायची परवानगी असेल तर कमोडच्या खुर्चीवर दहा मिनिटं, पडदा ओढून. आडवं पडून बेडपॅनवर कुंथता येत नाही, तुम्ही स्वतः करून बघा. पायाखाली पाट घ्या असं सगळीकडे सांगतात, पण खुब्याचा गोळा बदलला असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय नको. गुडघे कमरेच्या वर गेले तर सांधा निखळू शकतो. त्यांना उंच बैठकच लागते. कूस वळवतानाही दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवा.

लॅक्टुलोजला, म्हणजे मळ मऊ करणाऱ्या पातळ औषधाला, एक-दोन दिवस लागतात, सकाळी देऊन संध्याकाळी ‘काही झालं नाही’ म्हणून डोस वाढवू नका. इसबगोल खडा निघाल्यावरच, आणि मोठा पेला भरून पाणी प्यायला तरच. भिजवलेले बेदाणे, पालेभाजी, भाकरी द्या. साखर असेल तर बेदाणे मोजून. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही किंवा रक्त दिसलं तर यातलं काहीही न करता थेट दवाखाना गाठा. आणि ट्रामाडॉल मनानं बंद करू नका. दुखायला लागलं की त्या बसायलाच तयार होणार नाहीत. त्याच्या जोडीला मळ मऊ राहायचं औषध लिहून मागा.