केस डिफॉल्टमध्ये (गैरहजेरीमुळे) निघाली म्हणून लगेच नवीन अर्ज टाकू नका

भाऊ, तुमच्या वडिलांचा हात दालमिलच्या पट्ट्यात गेला, भरपाईचा अर्ज टाकला आणि आता कळतंय की 'अर्जदार व वकील गैरहजर' म्हणून तो काढून टाकला. नवीन अर्ज टाकू का, असं विचारलंय. आमच्या धाकट्याची केस अशीच निघाली होती, म्हणून लिहितोय. मी वकील नाही. शिवाय आमची केस 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालची. नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तेव्हा तुमच्या अपघाताच्या तारखेला कोणता कायदा लागतो ते वकिलाकडून खात्री करून घ्या.

आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद, बघा. त्या तारखेला मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील हजर होता का? तो हजर आणि तुमच्याकडून कोणीच नाही, असं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 9, नियम 8 लागतो. मग त्याच कारणावर नवा अर्ज चालत नाही, जुनाच रिस्टोअर, म्हणजे पुन्हा चालू, करून घ्यावा लागतो. दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नवा टाकता येतो, पण अपघाताला 2 वर्षं होऊन गेली असतील तर मुदतीचं भांडण सुरू होतं. म्हणून मी तरी रिस्टोअरच करा म्हणेन. त्याला 30 दिवस धरून चाला, आणि ते केस काढल्याच्या तारखेपासून मोजतात, नक्कल हातात पडल्यापासून नाही. उलटून गेले असतील तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा. वकील आला नाही याची शिक्षा पक्षकाराला नको, असं सुप्रीम कोर्टाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटलंय. त्याचा आधार घेता येतो. पण 'पुरावा दिला नाही म्हणून नामंजूर' असे शब्द असतील तर रस्ता वेगळा. मग 60 दिवसांत हायकोर्टात अपील, म्हणजे आपल्यासाठी संभाजीनगरचं खंडपीठ.

आता आमची खरी वाट कुठे लागली ते सांगतो. कोर्टात नाही, अपंगत्वाच्या दाखल्यात. धाकटा जिनिंगला होता, उजव्या हाताची तीन बोटं गेली. वकील म्हणाले, टक्क्यांचा दाखला आणा, मग साक्ष घेऊ. दाखला देणाऱ्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. तिथे डॉक्टरांचा बोर्ड ठरलेल्या वारीच बसतो. तुम्ही त्या वारी गेलात की सहीवाले साहेब ट्रेनिंगला. एका खिडकीवर सांगतात, दिव्यांग कार्ड वेगळं, कोर्टाचा दाखला वेगळा, कोर्टाचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यावर जावक नंबर नाही. नोंदणीच्या मशीनवर बसलेल्या पोराने मान वर न करता सांगितलं, "उजव्या हाताची तर्जनी ठेवा." धाकट्याने पट्टी बांधलेला हात तसाच काचेवर ठेवला. पोराने मग वर बघितलं आणि म्हणाला, "असं असेल तर सोमवारी या."

तिकडे कोर्टात दाखल्यासाठी तारखांवर तारखा चालल्या होत्या. शेवटी वकीलही कंटाळून जायचे थांबले आणि अर्ज निघाला.

आणि गंमत बघा. ज्या टक्क्यांसाठी एवढं केलं, ते कायद्यातच छापलेले होते. पहिल्या अनुसूचीत अवयव गेल्याचे टक्के ठरलेले आहेत: एका हाताची तीन बोटं 30, चार बोटं 50, अंगठा 30. बोटं तुटली हे ऑपरेशनच्या कागदांनी आणि डॉक्टरच्या साक्षीने सिद्ध झालं की टक्के अनुसूची देते. हात आहे पण वळत नाही, पकड गेली, अशी अनुसूचीत न बसणारी इजा असेल तरच किती कमाई बुडाली ते डॉक्टरने ठरवून द्यावं लागतं, आणि तो दाखला नोंदणीकृत डॉक्टरचाही चालतो. तुमच्या वडिलांचं काय तुटलंय ते आधी बघा. अनुसूचीत बसत असेल तर दाखल्यासाठी एकही तारीख मागू देऊ नका.

रक्कम किती, याचा अंदाज हवा म्हणून सांगतो. वय 30, पगार 8000 धरला तर 60 टक्के म्हणजे 4800, गुणिले 207.98 (या वयासाठी कायद्यात दिलेला गुणक), त्याचे तीन बोटांचे 30 टक्के: साधारण 2 लाख 99 हजार. त्यावर 12 टक्के व्याज. मुकादम वीस-तीस हजारांचं पाकीट घेऊन घरी येतो तेव्हा हा हिशोब डोक्यात असावा. मुकादम 'मी मालक नाही' म्हणेल, मिलवाला 'माणूस मुकादमाचा' म्हणेल. अर्जात दोघांनाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा. आणि पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर हा अर्ज चालतच नाही, ईएसआयकडे जावं लागतं. हे आत्ताच बघून घ्या, नाहीतर रिस्टोअर करूनही फायदा नाही.

वकील बदलायचा असेल तर जुन्याची ना-हरकत मागत बसण्यात महिना घालवू नका. ३० दिवस धावतायत तोवर नव्या वकिलाकडून रिस्टोअरचा अर्ज पडू द्या, फीचं नंतर बघता येतं. अर्जात गैरहजेरीचं कारण मोघम लिहू देऊ नका. आजारपण असेल तर केसपेपर, वकिलाने कळवलंच नसेल तर तसं शपथपत्रावर. केसचा सीएनआर नंबर (कोर्टाच्या कॉम्प्युटरवरचा केसचा ओळख क्रमांक) असेल तर ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून ठेवा आणि पुढची तारीख स्वतः बघत जा. वकिलाच्या कारकुनावर हे सोपवू नये, हे माझं मत.

रोजनाम्यात नेमकं काय लिहिलंय ते नावं झाकून शब्दशः इथे टाका. नियम 8 की दुसरा, ते त्यावरूनच कळेल.